खेळाचा परीघ आणि गावाचा नकाशा : पोकेमॉन अ‍ॅपमालिकेचा इतिहास आणि पावसच्या निमित्ताने काही प्रश्न

प्रस्तावना

खेळ हा इतिहासाच्या अभ्यासाचा विषय होऊ शकतो, ही जाणीव आपल्याकडील इतिहासलेखनात तशी उशिराच रुजली. राजवटी, लढाया, महसूल आणि सुधारणा यांच्या इतिहासात खेळाला जागा मिळाली ती बहुधा करमणुकीच्या सदरात. वास्तविक कोणता समाज कोठे खेळतो, केव्हा खेळतो, कोणाबरोबर खेळतो आणि खेळाचे नियम कोण ठरवितो, या प्रश्नांच्या उत्तरांतून त्या समाजाच्या रचनेवर मोठा प्रकाश पडतो. गेल्या दशकात या प्रश्नांत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. खेळ मैदान, पट आणि पडदा सोडून माणसाच्या चालण्यात, झोपण्यात आणि दात घासण्यात शिरला, तर त्याचा परीघ कोणी आखायचा?

प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा विचार पोकेमॉन या जपानी खेळमालिकेच्या मोबाईल अ‍ॅपच्या आधारे केला आहे. विवेचनासाठी रत्नागिरी शहराच्या दक्षिणेस सुमारे २० किलोमीटरवर असलेल्या पावस या गावाचा आणि त्याच्या परिसराचा संदर्भ घेतला आहे. जागतिक घटनेचा अर्थ महानगरात एक लागतो आणि गावात दुसरा. इतिहासाच्या अभ्यासकाला हा दुसरा अर्थही तपासावा लागतो.

खेळ आणि नित्य जीवन : पूर्वपीठिका

डच इतिहासकार योहान हौझिंगा यांनी १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या 'होमो लुडेन्स' या ग्रंथात खेळाची जी लक्षणे सांगितली, त्यांतील एक महत्त्वाचे लक्षण असे की, खेळ हा स्थळ आणि काळ या दोन्ही दृष्टींनी नित्याच्या व्यवहारापासून वेगळा असतो. आखलेली रेषा ओलांडली की खेळ सुरू होतो आणि परत ओलांडली की संपतो.

महाराष्ट्राच्या ग्रामीण परंपरेला हे लक्षण जसेच्या तसे लागू पडत नाही. मंगळागौरीचे खेळ, नागपंचमीचा झोका, शिमग्यातील सोंगे ही सारी पंचांगाला आणि पिकांच्या वेळापत्रकाला बांधलेली होती. रत्नागिरी जिल्ह्यातील अनेक गावांत शिमग्याच्या वेळी पालखीने 'खूण काढण्याची' प्रथा आहे. जमिनीत लपवून ठेवलेला नारळ खांद्यावरची पालखी शोधून काढते आणि सारा गाव ते पाहण्यास जमतो. ही श्रद्धेची बाब आहे. तिला खेळ म्हणणे उचित होणार नाही. तथापि लपविलेली वस्तू, तिचा शोध, त्यासाठी तुडविलेली गावाची भूमी आणि साक्षीला असलेला समुदाय हे तिचे घटक लक्षात ठेवण्याजोगे आहेत. खेळ आणि नित्य जीवन यांच्यामधली रेषा येथे पुसटच होती.

परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला जाणारा मोक्षपट हे याचेच दुसरे उदाहरण होय. या परंपरेला समकालीन पुरावा नाही. परंतु सद्गुणांच्या शिड्या आणि दुर्गुणांचे साप असलेल्या या पटावर माणसाचे रोजचे आचरणच मांडलेले असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडमध्ये गेला आणि तेथे त्याची सापशिडी झाली. त्या प्रवासात त्यातील तत्त्वचिंतन गळाले आणि फाशांची गंमत तेवढी उरली.

विसाव्या शतकात खेळाला कुंपण पडले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली खो-खोची नियमावली तयार केली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. नियम, मोजमाप, पंच आणि स्पर्धा यांमुळे देशी खेळांना प्रतिष्ठा मिळाली, हे निर्विवाद आहे. मात्र त्याबरोबरच खेळ अंगणातून आणि वाटेवरून उठून मैदानाच्या चौकटीत गेला. पुढे संगणकीय खेळांनी ही चौकट आणखी लहान केली. ती तळहातावर मावू लागली.

कीटक गोळा करणारा मुलगा ते झोप मोजणारे अ‍ॅप

पोकेमॉनचा पहिला खेळ २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये निन्टेन्डो कंपनीच्या 'गेम बॉय' या हातात धरावयाच्या उपकरणासाठी प्रसिद्ध झाला. त्याचे जनक सातोशी ताजिरी यांचे बालपण टोकियोच्या माचिदा या उपनगरात गेले. शेते आणि डबकी असलेल्या त्या परिसरात कीटक गोळा करण्याचा त्यांना छंद होता. शहर वाढले, डबकी बुजली आणि कीटकांबरोबर त्या छंदाची जागाही नाहीशी झाली. हरवलेला तो आनंद पुढच्या पिढीतील मुलांना देता यावा, ही त्यांची प्रेरणा होती. पहिल्या खेळात १५१ काल्पनिक जीव होते आणि ते सारे जमविण्यासाठी दोन उपकरणे तारेने जोडून दुसऱ्या खेळाडूशी देवाणघेवाण करावी लागे. चतुराच्या शेपटीला दोरा बांधणाऱ्या किंवा काडेपेटीत सोनकिडा जपणाऱ्या कोकणातील मुलाला या खेळाचे मर्म समजावून सांगण्याची गरज पडली नसती.

नित्य जीवनात शिरण्याचे प्रयत्न या मालिकेने मोबाईलच्या आधीच सुरू केले होते. १९९८ साली पावले मोजणारे एक छोटे उपकरण जपानमध्ये विक्रीस आले. मूल जितके चाले, तितका त्यातील पिकाचू प्रसन्न होई. २००९ मध्ये मूळ खेळाबरोबर 'पोकेवॉकर' हे कमरेला अडकविण्याचे उपकरण देण्यात आले. अर्थात ही साधने कंपनीशी सतत जोडलेली नव्हती. मुलाच्या पावलांचा हिशेब मुलाच्या खिशातच राही.

मूलभूत बदल झाला तो 'पोकेमॉन गो' या अ‍ॅपने. ते ज्या निअँटिक कंपनीने तयार केले, ती २०१० मध्ये गूगलअंतर्गत सुरू झाली आणि २०१५ मध्ये स्वतंत्र झाली. तिचे संस्थापक जॉन हँके यांच्या पूर्वीच्या कीहोल या कंपनीच्या कामातूनच पुढे 'गूगल अर्थ' आकाराला आले होते. पोकेमॉन गोच्या मुळाशी नकाशाशास्त्र आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे. ६ जुलै २०१६ पासून ते निवडक देशांत उपलब्ध झाले. खेळाडूने प्रत्यक्ष रस्त्यावर चालावे, फोनमधील नकाशावर जीव शोधावेत, 'पोकेस्टॉप' नावाच्या खऱ्या स्थळांपाशी जाऊन साहित्य मिळवावे आणि २, ५ किंवा १० किलोमीटर चालून अंडी उबवावीत, अशी त्याची रचना होती. २०१८ च्या अखेरीस अ‍ॅप बंद असतानाही पावले मोजण्याची सोय झाली. २०२० मध्ये मुलांना दात घासण्याची गोडी लावणारे 'पोकेमॉन स्माईल' आणि जुलै २०२३ मध्ये उशाशी फोन ठेवून झोपेची नोंद घेणारे 'पोकेमॉन स्लीप' ही अ‍ॅप आली. चालणे, स्वच्छता आणि निद्रा ही आपल्याकडे दिनचर्या म्हणून ओळखली जाणारी क्षेत्रे अशा रीतीने सात वर्षांत एका खेळमालिकेच्या कक्षेत आली.

या अ‍ॅपचे काही लाभ झाले, हे नाकारता येत नाही. २०१६ मधील एका अमेरिकन अभ्यासात मनापासून खेळणाऱ्यांची पावले ३० दिवसांत सरासरी रोज १,४७३ ने वाढल्याचे आढळले. त्याच वर्षी 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या दुसऱ्या अभ्यासात मात्र पहिल्या आठवड्यातील ९५५ पावलांची वाढ सहाव्या आठवड्यापर्यंत ओसरल्याचे दिसले. खेळाने लावलेली सवय खेळाच्या नवलाईइतकीच टिकते, असा याचा एक अर्थ लावता येईल.

भारतातील आगमन

भारतात ही मालिका उलट्या क्रमाने आली. मूळ खेळाचे उपकरण येथील बहुसंख्य घरांत कधी पोहोचलेच नाही. २००३ पासून दूरचित्रवाणीवरील कार्टूनद्वारे आणि चिप्सच्या पाकिटांतून मिळणाऱ्या चकत्यांद्वारे पिकाचू घरोघरी माहीत झाला. चकत्यांची अदलाबदल शाळेच्या मधल्या सुट्टीत चाले. तीस तारही लागत नव्हती आणि खातेही लागत नव्हते.

जुलै २०१६ मध्ये भारतात अधिकृतपणे उपलब्ध नसतानाही अनेक तरुणांनी पोकेमॉन गो आडमार्गाने मिळविले. सप्टेंबर २०१६ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने एका जनहित याचिकेवर कंपनी व सरकारला नोटिसा काढल्या. प्रार्थनास्थळांच्या जागी खेळातील अंडी दिसतात व त्यामुळे भाविकांच्या भावना दुखावतात, असा त्या याचिकेतील एक आक्षेप होता. १४ डिसेंबर २०१६ रोजी रिलायन्स जिओच्या सहकार्याने खेळ भारतात अधिकृतपणे सुरू झाला आणि जिओची दुकाने तसेच निवडक भागीदारांच्या जागा पोकेस्टॉप किंवा खेळातील 'जिम' म्हणून नकाशावर आल्या. ही घटना लहान दिसते, परंतु तिचा अर्थ मोठा आहे. एखादे ठिकाण खेळात 'महत्त्वाचे' ठरण्यास त्याचा इतिहास, सौंदर्य किंवा लोकांचा राबता कारणीभूत असावा अशी अपेक्षा असते; येथे व्यापारी करार हेही पुरेसे कारण ठरले. २०२३ मध्ये खेळ हिंदीत उपलब्ध झाला व शेकडो जीवांना हिंदी नावे मिळाली. त्या वेळी मराठीचा समावेश झाला नव्हता.

नकाशावरचे आणि नकाशाबाहेरचे

पोकेस्टॉपची स्थळे आली कोठून? निअँटिकच्या 'इन्ग्रेस' या आधीच्या खेळात खेळाडूंनी आपापल्या परिसरातील शिल्पे, भित्तिचित्रे, ऐतिहासिक वास्तू, प्रार्थनास्थळे, ग्रंथालये यांची छायाचित्रे व माहिती पाठविली होती. पोकेमॉन गोचा नकाशा बव्हंशी त्या नोंदींवर उभा राहिला. साहजिकच जेथे स्मार्टफोनधारक खेळाडू अधिक, तेथे स्थळे अधिक. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन संशोधनाने शहरी व गौरवर्णीय वस्तीला या खेळात अधिक लाभ मिळत असल्याचे दाखविले. म्हणजे नव्या नकाशाने जुनी विषमता पुसली नाही. ती फक्त नव्या रंगांत काढली.

हा मुद्दा पावसच्या संदर्भात तपासून पाहण्यासाठी प्रस्तुत लेखकाने इतिहासाच्या वर्गात एक साधा उपक्रम केला. पावस पंचक्रोशीतून येणाऱ्या विद्यार्थ्यांना, गावातील कोणत्या जागा अनोळखी माणसाने पाहाव्यात, त्यांची नावे लिहिण्यास सांगितले. पहिल्या फेरीत साऱ्यांची यादी जवळपास एकच निघाली : स्वामी स्वरूपानंदांचे समाधिमंदिर, गणेशगुळ्याचे गणपतीचे देऊळ, पूर्णगडचा किल्ला. ही नावे कोणत्याही पर्यटन पुस्तिकेत सापडतात. मग प्रश्न बदलला. 'ज्या जागेचे नाव घेतल्यावर घरातील आजी काहीतरी सांगू लागते, अशी जागा लिहा.' दुसऱ्या यादीत एकही नाव पहिल्या यादीतले नव्हते. तीत जांभ्या दगडाची एक पाखाडी होती, पऱ्यावरचा साकव होता, सड्यावरचे एक खळे होते, आटलेली विहीर होती आणि शिमग्यात पालखी जिथे विसावते ती सहाण होती.

सहाणेचे उदाहरण विशेष बोलके आहे. वर्षातील बहुतेक दिवस तो एक रिकामा चौथरा असतो. छायाचित्रात तेथे काहीच दिसत नाही. छायाचित्र, ठळक वास्तू आणि कायमचे अस्तित्व या निकषांवर निवड करणाऱ्या कोणत्याही नकाशाला ती जागा दिसणे कठीण. मग तो नकाशा कंपनीचा असो वा शासनाचा. गावाच्या स्मृतीत मात्र ती केंद्रस्थानी असते. स्थळ 'असते' ते त्याच्याशी जोडलेल्या वेळेमुळे आणि माणसांमुळे, हे भान त्या नकाशात उतरत नाही.

याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. नकाशावर येणे हे प्रत्येक स्थळाच्या हिताचेच असते असे नाही. जुलै २०१६ मध्ये वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयाने तेथे येऊन हा खेळ खेळणे अनुचित असल्याचे सांगितले. हिरोशिमा शहराने ६ ऑगस्टच्या स्मृतिदिनापूर्वी शांतता उद्यानातील खेळस्थळे काढून टाकण्याची मागणी केली आणि ती मान्य झाली. स्थळाचे पावित्र्य जपण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न जपानी नगरपालिकेला आणि गुजरातमधील याचिकाकर्त्याला एकाच वर्षी पडला. कारणे भिन्न होती, पण दोघांचाही आक्षेप एकच होता : आम्हांला न विचारता आमची जागा दुसऱ्याच्या खेळात घेतली गेली.

कातळशिल्पांचा धडा

रत्नागिरी जिल्ह्यात याच काळात नकाशा काढण्याचा आणखी एक प्रयत्न चालू होता. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई आदी स्थानिक अभ्यासकांनी सडे पालथे घालून जांभ्यावर कोरलेली कातळशिल्पे शोधली आणि नोंदविली. काही आकृती गावकऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक होत्या. गुराखी, वृद्ध आणि शेतकरी यांना विचारीतच हा शोध पुढे सरकला. २०२२ मध्ये कोकणातील कातळशिल्पांचा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला. त्यात रत्नागिरी जिल्ह्यातील उक्षी, कशेळी, देवीहसोळ, बारसू आदी स्थळे आहेत.

दोन्ही प्रयत्नांत माणसे चालली, दोन्हींत लपलेल्या गोष्टी सापडल्या आणि दोन्हींत सामान्य माणसांनी विनामोबदला श्रम केले. फरक आहे तो श्रमाच्या फळाचा. कातळशिल्पांच्या नोंदी अभ्यासक, ग्रामपंचायत आणि पुरातत्त्व खाते यांच्यापर्यंत पोहोचल्या; त्यांवर वाद करता येतो, चूक दाखविता येते, संरक्षणाची मागणी करता येते. खेळाडूंनी पाठविलेल्या स्थळनोंदी मात्र कंपनीच्या मालकीच्या व्यवस्थेत गेल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये निअँटिकने खेळाडूंनी केलेल्या स्थळचित्रणाच्या आधारे भूस्थानिक कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रारूप घडवीत असल्याचे जाहीर केले. २०२५ मध्ये कंपनीचा खेळविभाग सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीच्या मालकीच्या समूहातील स्कोपली या कंपनीला ३.५ अब्ज डॉलरना विकण्यात आला. चौकातील पुतळ्याचे छायाचित्र हौसेने पाठविणाऱ्या विद्यार्थ्याला या व्यवहाराची कल्पना असण्याचे कारण नव्हते.

येथे इतिहासाच्या अभ्यासकाने आणखी एका धोक्याकडे लक्ष वेधले पाहिजे. अशा खेळांचे आयुष्य थोडे असते. 'माइनक्राफ्ट अर्थ' ३० जून २०२१ रोजी बंद झाला; निअँटिकचाच 'हॅरी पॉटर : विझार्ड्स युनाइट' जून २०१९ मध्ये सुरू होऊन ३१ जानेवारी २०२२ रोजी संपला. कागदाला वाळवी लागते, पण निदान अर्धे पान उरते. सर्व्हर बंद झाला की खेळाडूच्या हाती काहीच उरत नाही. एका पिढीने आपल्या गावाबद्दल लिहिलेल्या चार ओळी कोणत्याही दप्तरखान्यात न जाता नाहीशा होऊ शकतात.

तरीही खेळाडूंना निव्वळ बळी मानणे इतिहासाला धरून होणार नाही. महामारीच्या काळात पोकेस्टॉपपर्यंत पोहोचण्याचे अंतर ४० मीटरवरून ८० मीटर करण्यात आले होते. ऑगस्ट २०२१ मध्ये कंपनीने काही देशांत ते पुन्हा ४० मीटरवर आणले, तेव्हा खेळाडूंनी संघटितपणे निषेध केला आणि कंपनीला ८० मीटरचे अंतर कायम करावे लागले. दिव्यांग खेळाडूंची सोय हा त्या मागणीतील एक महत्त्वाचा मुद्दा होता. खेळाचे नियम खेळणाऱ्यांनी बदलून घेतल्याचे हे उदाहरण आट्यापाट्यांच्या अंगणातील भांडणाची आठवण करून देणारे आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, पोकेमॉनच्या अ‍ॅपमालिकेने खेळाला पुन्हा नित्य जीवनात आणले, परंतु जुन्या वाटेने नव्हे. पंचांगाला बांधलेल्या खेळाची वेळ समुदाय ठरवी. अ‍ॅपमधील खेळाची वेळ सूचना पाठविणारी कंपनी ठरविते. पालखीने काढलेल्या खुणेला गाव साक्षी असतो. फोनवर काढलेल्या खुणेची साक्ष दूरच्या सर्व्हरवर असते. डबक्यातील कीटक गमावलेल्या एका मुलाच्या आठवणीतून जन्मलेला हा खेळ पुन्हा मुलांना बाहेर नेतो, ही त्याची थोरवी आहे. बाहेर काय पाहावे हे तो आधीच ठरवून ठेवतो, ही त्याची मर्यादा आहे.

या संदर्भात महाविद्यालयांना एक काम हाती घेता येईल. जैवविविधता कायदा, २००२ नुसार स्थानिक पातळीवर लोकजैवविविधता नोंदवही ठेवण्याची तरतूद आहे. त्याच धर्तीवर इतिहास आणि मराठी विभागांनी विद्यार्थ्यांकरवी गावोगावची 'स्थळस्मृती नोंदवही' तयार करावी. पाखाडी, साकव, सहाण, खळे यांची नावे, त्यांच्याशी निगडित आठवणी आणि सांगणाऱ्याची संमती तीत असावी. कोणती जागा उघड करावयाची नाही, हे ठरविण्याचा अधिकार गावाकडे असावा. तिची एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात राहावी.

वर्गातील उपक्रमाच्या अखेरीस एका विद्यार्थिनीने विचारले की, सहाणेची माहिती खेळाच्या नकाशावर पाठविली तर चालेल का? प्रश्न रास्त होता. तिला इतकेच सांगितले की, जरूर पाठव. पण आधी घरी आजीला विचार, आणि जे ती सांगेल ते अगोदर आपल्या वहीत लिहून ठेव. पुढच्या आठवड्यात तिची सात पाने भरली होती. त्यांतील किती मजकूर खेळाच्या नकाशावर मावला असता, हे सांगावयास नको.